कृष्णाकांठचे वाटाडे

देशाटनानें अंगीं चातुर्य येतें, हें वचन मराठी शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास पाठ असतें. परंतु तें पाठ करून घेणारे गुरुजी स्वतः पंचक्रोशीबाहेर क्वचितच गेलेले असत. उपदेश व आचरण यांच्यांतील ही दरी केवळ आळसामुळें पडली, असें म्हणणें सोपें आहे. पण तें न्यायाचें नव्हे. घरीं राहण्यास लोकांपाशीं कारणें होतीं, आणि तीं त्यांच्या दृष्टीनें सबळ होतीं. त्या कारणांचा, व तीं हळूहळू दुबळीं करणाऱ्या कांहीं लेखकांचा, सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांपुरता मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे. दोन जिल्हे म्हटलें खरें. परंतु हा भेद फार जुना नाहीं. १९४९ सालीं साताऱ्याचा दक्षिण भाग व आसपासचीं संस्थानें मिळून ‘दक्षिण सातारा’ हा नवा जिल्हा झाला, व त्यास ‘सांगली’ हें नांव १९६० सालीं मिळालें. कृष्णेला अर्थातच याचा पत्ता नाहीं. ती वाईवरून माहुलीस, माहुलीवरून कऱ्हाडास, कऱ्हाडावरून सांगलीस पूर्वीप्रमाणेंच जात आहे. आणि तिच्या कांठच्या लोकांचा स्वभावहि या सर्व गांवीं बराच सारखा आहे. नदी दाराशीं असली म्हणजे तीर्थासाठीं दूर जाण्याची गरज काय, असा प्रश्न हे लोक फार सहज विचारतात.

पेशवाईंत काशीयात्रेस निघणें म्हणजे अर्धें मरण पत्करणेंच होतें. जाण्यायेण्यास वर्ष सहज लागे. वाटेंत पेंढारी, ठग, पटकी, नद्यांचे पूर. जाणारा आपल्या देण्याघेण्याचा निकाल लावून जात असे, आणि जो सुखरूप परते त्याच्या घरीं मावंदें होई. मावंदें हें नुसतें ब्राह्मणभोजन नव्हे. मनुष्य जिवंत परत आला याचा तो उत्सव होता. हें ध्यानांत घेतलें म्हणजे निरोपाच्या वेळचें रडें अतिरेकाचें वाटत नाहीं. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई यांनीं १७३५-३६ सालीं उत्तरेची यात्रा केली, ती उदेपूर, जयपूर येथील दरबारांचे आदरसत्कार घेत केली. पण त्यांच्या पाठीशीं मराठ्यांची फौज व नांव दोन्ही होतें. अशा यात्रेची हकीकत ऐकून सामान्य घरांतील बाईस जावेंसें वाटण्याऐवजीं, ‘हें आपल्यासारख्यांचें काम नव्हे’ असेंच वाटलें असेल, अशी माझी समजूत आहे. मोठ्या माणसांच्या प्रवासाचा दोष हाच कीं, तो मागून येणाऱ्यांसाठीं वाट उघडीत नाहीं.

समुद्रापलीकडची गोष्ट तर निराळीच. राघोबादादांनीं १७८१ च्या सुमारास आपलें गाऱ्हाणें मांडण्यास हणमंतराव नांवाच्या एका ब्राह्मणास विलायतेस धाडलें. प्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क यानें त्यांस आपल्या घरीं आश्रय दिला, आणि त्यांच्या सोंवळ्याच्या स्वयंपाकाची स्वतंत्र सोय करून दिली. इतकें सांभाळूनहि परत आल्यावर या गृहस्थास सोन्याच्या योनींतून बाहेर पडून पुनर्जन्म घेतल्याचा विधि करावा लागला. म्हणजे विलायतेस गेलेला मनुष्य धर्मदृष्ट्या मेलाच होता. परत यावयाचें तर नव्यानें जन्मास येणें भाग होतें.

साताऱ्यापुरतें बोलावयाचें तर या प्रकरणांतील सर्वांत मोठें नांव रंगो बापूजी गुप्ते यांचें. १८३९ सालीं इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांस गादीवरून काढून काशीस पाठविलें, आणि त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी विलायतेस गेले. कामास दोन-तीन वर्षें लागतील, अशी अपेक्षा असावी, लागलीं चौदा. कंपनीच्या भागीदारांच्या सभेपुढें ते मराठ्यांच्या राज्याचा वकील म्हणून उभे राहिले. मध्यंतरीं १८४७ त ज्यांच्यासाठीं हा खटाटोप चालला होता ते महाराज काशीस वारले, पुढच्याच वर्षीं सातारचें राज्य खालसा झालें. तरी हा गृहस्थ १८५३ च्या अखेरीपर्यंत परत फिरला नाहीं. पुढें सत्तावनच्या धामधुमींत त्यांचे पुत्र सीताराम यांस साताऱ्यास फांशीं देण्यांत आलें, आणि रंगो बापूजी स्वतः असे नाहींसे झाले कीं, इंग्रजांस ते शेवटपर्यंत सांपडले नाहींत.

चौदा वर्षें लंडनांत! त्या शहराचे रस्ते, धुकें, तेथील अन्न, घरभाडें, लोकांचें बोलणें, पार्लमेंटांतील ओळखी, थंडींतील स्नानसंध्या, या सर्वांविषयीं या एका मनुष्यास जितकें ठाऊक होतें तितकें त्या काळीं महाराष्ट्रांत कोणास ठाऊक असेल? परंतु प्रवासवर्णन म्हणून त्यांनीं पुस्तक लिहिलें नाहीं. त्यांच्या हातीं लेखणी होती ती अर्ज व कैफियती लिहिण्यास. प्रबोधनकार ठाकरे यांनीं १९४८ सालीं प्रतापसिंह छत्रपति व रंगो बापूजी यांच्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पण तो राजकारणाचा ग्रंथ आहे, आणि तो तसाच असावयास पाहिजे. मला हळहळ वाटते ती निराळ्या कारणानें. रंगो बापूजींनीं आपल्या पहिल्या महिन्याची हकीकत जरी घरगुती मराठींत लिहून ठेविली असती, तरी पुढच्या दोन पिढ्यांतील कित्येक मुलांचें विलायतेचें भय निम्म्यानें कमी झालें असतें. त्यांच्यावर कोसळलेला दुःखाचा डोंगर पाहतां हें म्हणणें थोडें निर्दयपणाचें आहे, हें मी जाणतों.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घराबाहेर पडण्याची भीति ही सर्व समाजाची नव्हती. ती मुख्यत्वें लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या वर्गाची होती. ज्यांस पोटासाठीं जाणें भाग होतें ते कोणतेंहि पुस्तक न वाचतां निघाले. खानापूर-विटें, आटपाडी या दुष्काळी भागांतील गलाई लोक सोनेंचांदी गाळण्याचा धंदा घेऊन हिंदुस्थानच्या कोनाकोपऱ्यांतील सराफकट्ट्यांवर जाऊन बसले. आजहि दक्षिणेंतील वा उत्तरेंतील एखाद्या शहराच्या सराफपेठेंत अचानक माणदेशी मराठी कानीं पडतें, तें यांचें. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनीं १८८० सालीं देशी सर्कस उभी केली आणि ती घेऊन ते आग्नेय आशियापर्यंत फिरले. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या एका गांवांतून पहिल्या महायुद्धांत गेलेल्यांपैकीं सेहेचाळीस शिपाई परत आले नाहींत. मराठा पलटणी मेसापोटेमियांत लढल्या. १९१६ च्या एप्रिलांत कूत पडलें तेव्हां तेथील वेढ्यांत उपाशी राहिलेल्यांत मराठे होते. त्यांच्यापैकीं कोणीं प्रवासवर्णन लिहिलें नाहीं. आणि वाड्यांतील ओसरीवर बसून ज्यांनीं पुढें प्रवासवर्णनें वाचलीं, त्यांस शेजारच्या वाडीवरचा मनुष्य तैग्रीसच्या कांठीं जाऊन आला आहे याची बहुधा दादहि नव्हती.

तेव्हां आपला विषय आहे तो ओसरीवरचा वाचक. त्याच्या अडचणी तीन: विटाळ, पैसा आणि घर. विटाळाची अडचण आगगाडीनें पुष्कळशी सोडविली. पुण्याहून मिरजेकडे जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा लोहमार्ग १८९० च्या सुमारास पुरा झाला. तो साताऱ्यास गेलाच नाहीं. ‘सातारा रोड’ म्हणून जें स्टेशन केलें तें शहरापासून दहा मैलांवर, आणि तेथून टांगा. सांगलीसहि मुख्य मार्गानें टाळलें, तिला मिरजेहून एक लहानसा फांटा मिळाला. तरीहि या मार्गानें जें केलें तें कोणत्याहि धर्मसुधारकास जमलें नव्हतें. गाडींत कोणाशेजारीं कोण बसलें हें कोणास विचारतां येईना. तहान लागली म्हणजे स्टेशनावरचें पाणी गोड लागूं लागलें. १९२७ सालीं बार्शी लाइट रेल्वे पंढरपुराहून मिरजेस पोंचली, आणि सांगलीच्या वारकऱ्यास विठोबा एका दिवसाच्या अंतरावर आला. परंतु आगगाडी ही साधन आहे; मन वळविण्याचें काम ती करीत नाहीं. दारावरून गाडी जाते म्हणून कोणी तींत बसतोच असें नाहीं. माझ्या माहितीच्या एका गृहस्थांचा वाडा मिरज स्टेशनाच्या शिटीच्या टप्प्यांत होता. त्यांनीं साठ वर्षें त्या शिटीवर घड्याळ लावलें, पण गाडींत पाय ठेविला तो तिनदां.

मन वळविणारें पहिलें मोठें मराठी पुस्तक विष्णुभट गोडसे यांचें ‘माझा प्रवास’. गोडसे वरसईचे, म्हणजे कोंकणांतील, साताऱ्याचे नव्हत. परंतु कृष्णाकांठच्या ब्राह्मणास हा भिक्षुक आपल्यापैकींच वाटला, यांत नवल नाहीं. घरीं कर्ज, म्हणून मथुरेस बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळेल या आशेनें हा मनुष्य १८५७ सालीं घरून निघतो. यज्ञ राहतो बाजूला आणि तो बंडाच्या वणव्यांत सांपडतो. झांशीच्या वेढ्यांत तो शहरांतच होता. लूट व कत्तल त्यानें डोळ्यांनीं पाहिली. मिळविलेलें द्रव्य गेलें. आणलें तें गंगोदक. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनीं ही हकीकत १८८३ च्या सुमारास लिहिली. सरकारच्या भीतीनें ती चोवीस वर्षें तशीच पडून राहिली, आणि १९०७ सालीं वैद्यांनीं ती आपला हात फिरवून छापली. मूळ लेख जसाच्या तसा वाचकांपुढें येण्यास दत्तो वामन पोतदारांच्या १९६६ च्या आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागली.

आतां विचार करा. या पुस्तकांत प्रवास करण्यास उत्तेजन देईल असें काय आहे? दरोडे, गोळीबार, उपास, चोरी, मृत्यु. तरी हें पुस्तक मिटल्यावर वाचकास घरीं बसावेंसें वाटत नाहीं. कारण मला असें दिसतें कीं, सांगणारा शूर नाहीं. तो घाबरतो, लपतो, रडतो, देवाचें नांव घेतो, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां चालूं लागतो. वाचकाच्या मनांत आपोआप हिशोब होतो: एवढ्या धामधुमींत हा आपल्यासारखा भित्रा भटजी आईबापांसाठीं गंगाजळ घेऊन घरीं परतला, मग आपणांस तर आगगाडी आहे! भित्र्या माणसास धीर द्यावयाचा तर तो वीरानें देऊं नये. दुसऱ्या भित्र्यानें द्यावा.

स्त्रियांच्या बाबतींत हाच प्रश्न अधिक अवघड झाला. पंडिता रमाबाईंनीं अमेरिकेच्या लोकस्थितीवर व आपल्या प्रवासावर १८८९ सालीं पुस्तक लिहिलें. परंतु त्यांनीं धर्मांतर केलें होतें, व तेवढ्या कारणावरून पुष्कळ घरांनीं तें उंबऱ्याच्या आंत घेतलें नाहीं. त्या मानानें आनंदीबाई जोशांचें चरित्र घरोघर गेलें. तें लिहिणाऱ्या काशीबाई कानिटकर यांचा जन्म आपल्या सांगली जिल्ह्यांतील अष्ट्यांतला, १८६१ चा. आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलांत पतीवांचून कलकत्त्याहून आगबोटींत बसल्या, वैद्यकीची पदवी घेऊन परतल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास वारल्या. काशीबाईंनीं त्यांच्या पत्रांच्या आधारें ही हकीकत मांडली आहे, व ती आजहि हातची सोडवत नाहीं. परंतु तिचा परिणाम दुहेरी झाला असला पाहिजे. एका सुनेनें वाचतांना म्हटलें असेल, ‘बाई गेली, शिकली’; आणि तिच्याच सासूनें तेंच पान ऐकून म्हटलें असेल, ‘गेली, आणि मेली.’ पुस्तक कोणाच्या हातीं पडतें यावर तें किती दारें उघडील हें ठरतें.

याच काळांत साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचें कार्य चाललें होतें. ‘इतिहाससंग्रह’ हें त्यांचें मासिक १९०८ पासून निघालें. जुनीं कागदपत्रें, चित्रें यांचा त्यांनीं साताऱ्यास केलेला संग्रह महाराष्ट्रास ललामभूत झाला. महाबळेश्वरावर १९१६ त आणि सांगली संस्थानावर १९१७ त त्यांनीं इंग्रजींत सुंदर पुस्तकें काढलीं. महाबळेश्वराचा इतिहासहि मनोरंजक आहे: प्रतापसिंह महाराजांनीं तेथवर रस्ता केला, १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यानें ठाणें वसविलें, आणि त्या जागेच्या मोबदल्यांत महाराजांस वाई प्रांतांतील खंडाळें गांव मिळालें. परंतु पारसनिसांचीं तीं पुस्तकें राजेरजवाडे व साहेबलोक यांच्या टेबलासाठीं होतीं. साताऱ्याहून महाबळेश्वर तीस-पस्तीस मैल. पण तेथील हवा खाण्यास जाणें हें सातारकर कारकुनास कित्येक वर्षें शोभणारें वाटलें नाहीं. क्षेत्र महाबळेश्वरास जाऊन पंचगंगेंत स्नान करणें निराळें, आणि माल्कमपेठेंत बंगला भाड्यानें घेणें निराळें. धर्माच्या नांवाखालीं तो डोंगर चढे. मौजेच्या नांवाखालीं तोच डोंगर त्यास उंच वाटे.

धर्म आणि मौज यांच्यांतील ही भिंत ज्यानें सर्वांत नाजूक हातानें पाडली तो लेखक साताऱ्यासच जन्मला. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, ज्यांस सर्व हिंदुस्थान काकासाहेब म्हणून ओळखतो, यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजीं साताऱ्यास झाला. वडील सरकारी नोकरींत हिशेबाच्या कामावर. त्यांच्या बदल्या व संस्थानांतील कामें यांमुळें या मुलाचें बाळपण सातारा, कारवार, बेळगांव, मिरज, जत अशा गांवीं विखुरलें. ‘स्मरणयात्रा’ या पुस्तकांत त्यांनीं तें सांगितलें आहे. ज्याचें घरच फिरतें, त्यास घर सोडण्याचें भय कोठून असणार? तथापि कृष्णा त्यांच्या मनांतून गेली नाहीं. ‘लोकमाता’ मध्यें हिंदुस्थानांतील नद्यांविषयीं लिहितांना कृष्णेचा लेख आला कीं, त्यांची लेखणी एकदम घरगुती होते.

१९१२ सालीं, बडोद्याचें गंगनाथ विद्यालय बंद पडल्यावर, ते हिमालयांत गेले. बरोबर स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर. (मर्ढें हें गांव सातारा जिल्ह्यांतलेंच; आडनांवावरून बुवाहि इकडचे असावे.) जमनोत्री, गंगोत्री, केदार, बदरी, सारा प्रवास पायीं. या प्रवासाची हकीकत त्यांनीं लगेच लिहिली नाहीं. सात वर्षांनंतर, १९१९ पासून, साबरमतीच्या सत्याग्रहाश्रमांतील हस्तलिखित मासिकांत ती क्रमाक्रमानें येऊं लागली. वाचक कोण? आश्रमांतील विद्यार्थी व त्यांची मंडळी. हस्तलिखित मासिकाचें वैशिष्ट्य असें कीं, लेखकास आपला वाचक नांवानिशीं ठाऊक असतो. काल वाचलेल्या भागांतलें काय समजलें नाहीं, हें तो आज जेवणाच्या पंगतींत विचारूं शकतो. काकासाहेबांच्या त्या पुस्तकांतील बोलका स्वर, वाचकाचा हात धरून त्यास चढावर नेण्याची रीत, ही मला या जन्मकथेचा परिणाम वाटते. सभेसाठीं लिहिलेला लेख तसा होत नाहीं.

तें पुस्तक १९२४ सालीं छापून निघालें. पण मराठींत नव्हे, गुजरातींत. गुजराती प्रवासवर्णनाचा पहिला भरीव ग्रंथ म्हणून त्याचा मान आहे, आणि त्याचा लेखक सातारकर! गांधीजींनीं त्यांस ‘सवाई गुजराती’ म्हटलें, तें योग्यच होतें. आम्हां मराठी वाचकांच्या हातीं मात्र आपल्या माणसाचा हिमालय पुढें भाषांतरानें आला. याबद्दल रुसण्यांत अर्थ नाहीं. ज्यांनीं त्यांस ऐकावयास बसविलें त्यांस त्यांनीं सांगितलें. आपण बसविलें नाहीं.

या पुस्तकाची दुसरी एक मोठी किमया आहे. त्यांत यात्रा आहे, पण नुसतें पुण्य नाहीं. सौंदर्य आहे, पण नुसती मौज नाहीं. केदारनाथास नमस्कार करणाराच मनुष्य बर्फाचा रंग पाहत उभा राहतो, आणि त्यास या दोन गोष्टींत कांहीं विरोध दिसत नाहीं. कृष्णाकांठच्या भाविक वाचकास याहून मोठी परवानगी कोणती हवी होती? देवाला जातों असें सांगून डोंगर पाहण्याची जी लपवाछपवी चालत असे, ती अनावश्यक झाली.

काकासाहेब पायीं गेले. परंतु नोकरीपेशाच्या माणसास तीन-चार महिने पायीं हिंडतां येत नाहीं. त्याचा वाटाडा सांगलीस होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें १९१९ सालीं सांगलीस विलिंग्डन कॉलेज काढलें, आणि फर्ग्युसनमधील प्राध्यापक गोविंद चिमणाजी भाटे हे त्याचे प्राचार्य झाले. विषय तत्त्वज्ञानाचा, १९३९ सालीं त्यांनीं अर्वाचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास इंग्रजींत लिहिला, तो अभ्यासकांस ठाऊक आहे. परंतु मराठींत त्यांनीं एकामागून एक प्रवासवर्णनें लिहिलीं, व हा प्रकार स्वतंत्र वाङ्मय म्हणून नेटानें चालविणाऱ्या आरंभीच्या लेखकांत त्यांची गणना होते, हें सामान्य सांगलीकरासहि पुष्कळदा माहीत नसतें. सोसायटीच्या आजीव सभासदांचें वेतन बेताचें. सुट्या मात्र ठरलेल्या. त्या सुट्यांत निघावें, पाहावें, परत येऊन लिहावें. भाट्यांच्या गद्यांत काकासाहेबांची कविता नाहीं. त्यांचा कल माहितीकडे आहे, आणि कित्येक पानें वर्गांतील व्याख्यानासारखीं सपाट उतरलीं आहेत, हेंहि कबूल केलें पाहिजे. पण संसारी माणसास जी गोष्ट हवी असते ती त्या सपाटपणांतच असते. ज्यास मुलांची फी भरून उरलेल्या पैशांत रामेश्वर पाहावयाचें आहे, त्यास उपमेपेक्षां गाडीची वेळ अधिक उपयोगी. भाट्यांचीं पुस्तकें आज कोणी वाचीत नाहीं, याचें कारणहि हेंच: माहिती शिळी होते, उपमा होत नाहीं.

पुढें हा प्रवाह रुंदावला. अनंत काणेकरांचें ‘धुक्यांतून लाल ताऱ्याकडे’ १९४० सालीं आलें, आणि पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ १९६० सालीं. ही शेवटची तर भित्र्या प्रवाशाचें स्तोत्रच म्हणावें. विलायतेस गेलेला मराठी मनुष्य तेथें किती ठिकाणीं गोंधळतो, हें त्यांत हंसत कबूल केलें आहे. मासिकांनींहि आपला भार उचलला. सांगलीपासून जवळच, कुंडलच्या माळावर, औंध संस्थानांत वसलेल्या किर्लोस्करवाडीहून १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ निघालें. नांगराच्या कारखान्याचें तें बातमीपत्र; पण दहा वर्षांत तें मध्यमवर्गाच्या घरांतील मासिक झालें, आणि १९३० त त्याला ‘स्त्री’ हें भावंडहि मिळालें. माळावर छापलेलें मासिक महाराष्ट्रभर जातें, एवढी गोष्टच आसपासच्या गांवांस धीर देणारी होती.

हें सर्व लिहितांना माझ्या डोळ्यांपुढें एक वही आहे, आणि तिच्याविषयीं सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

माझी आत्या सांगलीस गांवभागांत राहत असे. तरुणपणींच वैधव्य आलेलें. जन्मांत ती औदुंबर व नरसोबाची वाडी यांपलीकडे गेली नव्हती. काकासाहेबांच्या हिमालयाची मराठी प्रत नगरवाचनालयांतून तिनें इतक्यांदा आणविली कीं, ग्रंथपालांनीं शेवटीं विचारणें सोडून दिलें. १९७४ सालीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, तिनें आळींतील तिघींस तयार केलें व त्या चौघी मिरजेहून मुंबई, मुंबईहून डेहराडून एक्सप्रेसनें हरिद्वार, आणि तेथून केदार-बदरीस जाऊन आल्या. घरांत केवढा गहजब झाला तो मला आठवतो. माझे वडील तिचे धाकटे बंधु. पण ‘अक्का, तुझें कांहीं झालें तर लोक मला काय म्हणतील?’ असें ते तिला रोज विचारीत. तिनें एकदांच उत्तर दिलें: ‘अरे, मी गेलें नाहीं तर मी स्वतःला काय म्हणूं?’

परत आल्यावर मावंदें झालें, आणि त्याच आठवड्यांत तिनें ती वही दुसऱ्यांस देण्यास आरंभ केला. शाळेची दोनशें पानी वही, शिसपेन्सिलीनें लिहिलेली. पहिल्या पानावर जाण्यापूर्वीं कशाकशाची भीति वाटत होती त्याची यादी: पोट बिघडेल, पैसे चोरीस जातील, चालवणार नाहीं, रात्रीं एकट्या बायकांस कोणी जागा देणार नाहीं. पुढें एकेका भीतीसमोर काय घडलें तें. पोट बिघडलें, दोन दिवस. पैसे चोरीस गेले नाहींत, पण पातळ गेलें. गौरीकुंडापासूनचा चढ दर शंभर पावलांवर बसत चढलों. काळीकमलीवाल्यांच्या धर्मशाळेंत जागा मिळाली. कोणत्या खोलीस आंतून कडी आहे, हेंहि लिहिलें होतें. देवदर्शनाचें वर्णन तीन ओळींचें, कडीचें पांच ओळींचें. ही वही आळीभर फिरली, मग खणभागांत गेली, मग मिरजेस. जी बाई जाऊन येई ती मागें आपली भर घाली: दर बदलले, अमक्या ठिकाणचा नळ बंद आहे, कांबळें येथून नेऊं नये, तिकडे स्वस्त मिळतें. पंधरा वर्षांत तिला दोन वह्या आणखी शिवाव्या लागल्या. कितीजणी गेल्या याचा हिशोब कोणीं ठेविला नाहीं. वहींत निरनिराळीं अक्षरें एकोणीस आहेत.

पण माझ्या आईचें अक्षर त्यांत नाहीं. आईनें ती सबंध वही निळ्या शाईनें सुवाच्य उतरून घेतली होती. तिला ती जवळजवळ पाठ होती. कोणत्या चट्टीवर काय मिळतें, हें ती जाऊन आलेल्या बायकांस दुरुस्त करून सांगे. ‘यंदा नको, पुढच्या वर्षीं जाऊं’ असें ती वीस वर्षें म्हणाली. मी नोकरीस लागल्यावर दोनदां तिकिटें काढलीं व दोनदां परत केलीं. तिला भीति वाटत होती, कीं वाचूनच तिची तृप्ति झाली होती, हें मी तिला कधीं विचारलें नाहीं, आणि विचारावयास हवें होतें. प्रवासवर्णनानें माणसें बाहेर पडतात, असें मी वर लिहीत आलों आहें; तें लिहितांना ती निळी प्रत मला सारखी अडवीत होती.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत कृष्णा गांवभागांतल्या त्या वाड्यांत माळ्यापर्यंत चढली. दोन्ही वह्या एकाच पेटींत होत्या. पाणी ओसरल्यावर पानें एक एक करून सुतळीवर वाळत घातलीं. आईच्या प्रतींत निळ्या डागांवांचून कांहीं राहिलें नाहीं. आत्याची शिसपेन्सिल बहुतेक ठिकाणीं वाचतां येते. गेल्या मे महिन्यांत माझी पुतणी प्रथमच एकटी केदारास जाण्यास निघाली, तेव्हां तिनें त्या पानांचे फोटो काढून नेले. तेथील रस्ते, धर्मशाळा, दर, सारें बदललें आहे, आणि २०१३ च्या जलप्रलयानें तर गौरीकुंडाच्या पुढची वाटहि दुसरीकडून न्यावी लागली, हें मी तिला सांगितलें. ती म्हणाली, ‘काका, मला दर नकोत. पहिलें पान हवें आहे.’